गॅसवर घेतलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह: रिड्यूसर पुन्हा पुन्हा का गोठतो आणि बॅकफायर का येतो

भर उन्हाळ्याची दुपार. चढ अर्धा चढून झालाय, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन ओढेनासं होतं. आधी दोन-चार झटके, मग मिसिंग, मग इंजिन बंद. उतरून बॉनेट उघडलं तर एलपीजी गॅसच्या रिड्यूसरवर (टाकीतून आलेल्या द्रव गॅसचा दाब उतरवून वायू करणारा डबा) पांढराशुभ्र बर्फाचा थर. बाहेर अंग भाजतंय आणि आत बर्फ. पेट्रोलवर टाकली की गाडी लगेच चालू. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा गॅसवर घेतली तरी ठीक. पुढच्या लांब चढावर पुन्हा तेच.

एका उन्हाळ्यात हे माझ्याबरोबर आठ वेळा झालं. प्रत्येक वेळी काहीतरी बदललं, प्रत्येक वेळी वाटलं की आता सुटलं. खरं कारण सापडायला पुढचा हिवाळा यावा लागला. तुमचीही गाडी अशीच छळत असेल तर माझे ते महिने तुमच्या कामी यावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी पहिल्या पिढीची रेंज रोव्हर. हे मॉडेल १९७० साली बाजारात आलं. माझ्या गाडीत ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन आहे, त्यावर दोन कार्ब्युरेटर. एलपीजी किट जुन्या पद्धतीचं: मागे टाकी, बॉनेटखाली रिड्यूसर (काही जण त्याला व्हेपरायझर म्हणतात), आणि प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवेत गॅस मिसळणारा एक मिक्सर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पण खाली जे सांगतोय ते जुन्या लँड रोव्हर, जीप, लँड क्रूझर, कुठल्याही कार्ब्युरेटरवाल्या गाडीला लागू पडतं.

बर्फ पाहिला की पहिला संशय सगळे गॅसवर घेतात. मीही घेतला. गॅस भेसळीचा असेल, गॅसमध्ये पाणी असेल, पंप बदलून बघ. तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून पाहिला. मग रिड्यूसर उघडून आतले डायफ्राम (रबरी पडदे) आणि सील बदलले. मग फिल्टर. शेवटी अख्खा रिड्यूसरच नवीन आणला. तो बसवल्यावर पंधरा दिवस गाडी छान चालली, कारण त्या पंधरा दिवसांत मी चढाच्या रस्त्याला गेलोच नव्हतो. हे मला नंतर वहीतल्या नोंदी पाहताना कळलं. म्हणून पहिली विनंती: प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की तारीख, किती मिनिटं चालवल्यावर, चढ की सपाट, हीटर चालू की बंद, हे लिहून ठेवा. माझ्या बाबतीत उत्तर त्या शेवटच्या रकान्यात होतं.

बर्फ येतो कुठून ते आधी समजून घेऊ, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा तपास तिथेच होतो. टाकीत एलपीजी दाबाखाली द्रवरूपात असतो. त्यातला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन जवळपास शून्याला. टाकीतून निघालेला द्रव तांब्याच्या नळीतून रिड्यूसरमध्ये येतो, तिथे दाब उतरतो आणि तो उकळून वायू होतो. उकळायला उष्णता लागते, आणि ती उष्णता तो जे जवळ असेल त्याच्याकडून ओढून घेतो. ती पुरवण्यासाठीच इंजिनचं गरम पाणी रिड्यूसरच्या पोटातून फिरवलेलं असतं.

किती उष्णता? माझं इंजिन चढावर तासाला साधारण ३० लिटर एलपीजी पितं असं धरा. वजनात ते १५-१६ किलो. एक किलो प्रोपेनचा वायू करायला साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. हिशेब केला तर साधारण दीड किलोवॉट होतात. घरातल्या साध्या इस्त्रीपेक्षाही जास्त उष्णता तो मुठीएवढा डबा सतत गिळत असतो. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना त्यात फक्त पाच अंशांचा फरक हवा असेल, तर मिनिटाला पाचेक लिटर पाणी त्यातून वाहिलं पाहिजे. पाणी अडलं की डब्यात आधीपासून असलेली ऊब काही मिनिटं पुरते. मग तापमान शून्याखाली जातं, हवेतली वाफ बाहेरून गोठून बसते, आतले रबरी डायफ्राम कडक होतात आणि न उकळलेला द्रव गॅस तसाच पुढे मिक्सरकडे जातो. इंजिन गॅसच्या अतिरेकाने गुदमरतं. गाडी थांबवली की इंजिनच्या धगीने डबा पुन्हा तापतो आणि सगळं आलबेल वाटतं. सपाट रस्त्यावर गॅस कमी लागतो म्हणून त्रास दिसत नाही, चढावर दिसतो. बाहेर ४० अंश असले तरी फरक पडत नाही. नुसत्या हवेकडून एवढी उष्णता मिळतच नाही.

म्हणजे बर्फ दिसला तर गॅसला दोष देण्याआधी पाण्याकडे बघायचं.

बर्फ नक्की कुठे आहे हेही बारकाईने पाहा. रिड्यूसरच्या अंगावर असेल तर पाणी कमी पडतंय. पण रिड्यूसर कोमट आहे आणि त्याच्या आधीचा फिल्टर किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारी झडप) मात्र गोठलाय, तर गोष्ट वेगळी. तिथे वाट अरुंद झालीय. द्रव गॅसचा दाब रिड्यूसरपर्यंत पोचण्याआधीच उतरतोय आणि तो तिथेच उकळतोय. फिल्टर बदला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय का पाहा, तांब्याची नळी कुठे चेपली गेलीय का पाहा. खडकाळ वाटेवर जाणाऱ्या गाड्यांच्या चॅसिसखालची नळी दगडाने चेपलेली मी दोनदा पाहिलीय.

आता हाताची परीक्षा. मला नंतर कळली, तुम्ही सर्वांत आधी करा. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, गॅसवर ठेवा, दुसऱ्या माणसाला इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर धरायला सांगा. मग रिड्यूसरला येणारी आणि त्यातून जाणारी पाण्याची नळी, दोन्हींना एकामागून एक हात लावा. पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून. दोन्ही जवळपास सारख्याच गरम, हात टेकवून ठेवता येणार नाही इतक्या असल्या तर पाणी फिरतंय. एक गरम आणि दुसरी कोमट किंवा गार असेल तर रिड्यूसर उपाशी आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो किंवा कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो. जुन्या गाड्या तापतात म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय बऱ्याच मेकॅनिकना असते. पेट्रोलवर ते खपून जातं. गॅसवर नाही.

माझ्या गाडीत ही परीक्षा हिवाळ्यात केली तेव्हा दोन्ही नळ्या कडक गरम लागल्या. हिवाळाभर गाडी एकदाही गोठली नाही. मला वाटलं थंडीत बर्फ जास्त व्हायला हवा, मग हे उलटं कसं? वही काढली. उन्हाळ्यातल्या आठही नोंदींपुढे लिहिलेलं होतं, हीटर बंद. हिवाळ्यात अर्थातच हीटर चालू.

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने केबिनमध्ये गरम होतं म्हणून हीटरच्या नळीत एक पितळी कॉक बसवला होता. उन्हाळा आला की बंद करायचा. गॅसचं किट बसवणाऱ्याने रिड्यूसर नेमका त्याच वाटेवर, कॉकच्या पुढे, एकामागे एक असा जोडला होता. म्हणजे मी उन्हाळ्यात कॉक बंद करत होतो तेव्हा रिड्यूसरचं पाणीच तोडत होतो. नव्या रिड्यूसरचाही काही उपयोग होणार नव्हता, कारण त्यालाही पाणी मिळत नव्हतं. तुमच्या गाडीत पितळी कॉक नसेलही, पण डॅशबोर्डवरच्या नॉबने चालणारा हीटर व्हॉल्व्ह असू शकतो आणि तोही हेच करतो. कंपनीने तो केबिनसाठी दिलेला असतो, त्याच्यामागे आणखी एक तहानलेला डबा जोडला जाईल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं.

उपाय सोपा आहे. कॉकच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि परतीच्या नळीवर दुसरा टी घालून रिड्यूसरला स्वतंत्र, समांतर वाट द्या. टी हीटरच्या नळीइतक्याच व्यासाचे घ्या. बारीक टी घातले तर पाणी सोप्या वाटेने, म्हणजे हीटरमधून, निघून जातं आणि रिड्यूसर पुन्हा कोरडा राहतो. जोडणी पाण्याच्या पंपाच्या जितकी जवळ तितकी चांगली. काम झाल्यावर हाताची परीक्षा दोनदा घ्या, एकदा हीटर पूर्ण बंद ठेवून आणि एकदा पूर्ण उघडून. दोन्ही वेळा दोन्ही नळ्या गरम हव्यात.

रिड्यूसरला हात घालण्याआधी गॅसबद्दल दोन शब्द, आणि हे घाईत वाचू नका. पाण्याच्या नळ्या काढताना गॅसच्या जोडण्यांना हात लावायची गरज नसते, लावूही नका. गॅसची बाजू उघडावीच लागली तर टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन गॅसवरच चालू ठेवा आणि नळीतला गॅस संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. तरीही नट सैल करताना थोडा द्रव उडतो, तो कातडीला लागला तर गोठून जखम होते. हातमोजे आणि चष्मा घालाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुपटीने. गळलेला गॅस वर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणून हे काम गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून कधीच करू नका, मोकळ्या जागी करा. जोडणी पुन्हा आवळल्यावर साबणाच्या पाण्याने तपासा. टाकी, तिच्यावरचा मल्टिव्हॉल्व्ह (गॅस भरणं-काढणं सांभाळणारा झडपांचा संच) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ही मात्र घरी उघडायची गोष्ट नाही. ते काम परवानाधारक माणसाचंच.

टी घातल्यावर चार महिने सुखात गेले. मग कूलंट बदललं आणि आठवड्याभरात बर्फ परत आला. या वेळी हीटर चालू असतानाही.

आता कारण होतं हवा. माझा रिड्यूसर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत) उंच बसवलेला होता, रेडिएटरच्या डोक्यापेक्षा चार बोटं वर. कूलिंग सिस्टीममध्ये हवा शिरली की ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. माझ्या गाडीत ती जागा म्हणजे रिड्यूसर. पाण्याचा पंप पाणी ढकलतो, पण बारीक नळीत वर अडकलेला हवेचा फुगा त्याला सहज हलवता येत नाही. रिड्यूसर तिथे असल्याचं कारणही माहीत होतं. बसवायला ती जागा सोपी, स्क्रू-ड्रायव्हर सहज पोचतो. बसवणाऱ्याच्या सोयीची जागा गाडीच्या सोयीची असतेच असं नाही.

मी तो वीतभर खाली आणला. पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर अशी जोडणी केली, म्हणजे हवा आपोआप वर निघून जाते. मग हवा काढली. ही क्रिया गाडी पूर्ण गार असतानाच सुरू करायची. गरम इंजिनची टोपी उघडली तर तोंडावर वाफ येते. टोपी उघडी, हीटर पूर्ण चालू, इंजिन पेट्रोलवर हळू रेस करत राहायचं आणि रिड्यूसरच्या नळ्या हाताने दाबत-सोडत जायचं. बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा भरायचं. पातळी उतरायची थांबली की टोपी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी पाहायची, कारण पहिल्या दिवशी राहिलेली थोडी हवा रात्रीतून वर येते.

कूलंटमध्ये नुसतं पाणी वापरू नका, गाडी कितीही गरम हवेत चालत असली तरी. आत उणे तापमानाचा गॅस आहे. पाणी क्षणभर जरी थबकलं तर रिड्यूसरच्या आतच गोठतं, वाट पूर्ण बंद होते, आणि गोठताना ते फुगत असल्यामुळे डबा फुटूही शकतो. अँटीफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवा. ॲल्युमिनियमच्या इंजिनला गंजापासून वाचवायलाही ते लागतंच.

आणि हवा काढूनही पुन्हा पुन्हा भरत असेल तर? मग ती बाहेरून येत नाहीये. हेड गॅस्केट बारीक गळत असेल तर सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात शिरतो आणि उंच जागी जमतो. गाडी तापत नाही, पाणी दिसण्याइतकं कमी होत नाही, पेट्रोलवर काहीच कळत नाही. पहिली खूण रिड्यूसर देतो. तपासायला कूलंटच्या तोंडावर धरायचं निळ्या द्रवाचं साधन मिळतं. जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा होतो. सहा-आठ वेळा रिड्यूसर बदलण्यापेक्षा ही परीक्षा एकदा करणं बरं.

बर्फाचं प्रकरण इथे संपलं. बॅकफायरचं त्याच्या आधीपासून चालू होतं.

बॅकफायर म्हणजे मिश्रण सिलिंडरऐवजी बाहेरच पेटणं. गॅसवर गाडी जोरात उचलली की कार्ब्युरेटरकडून फट्टकन आवाज यायचा. एकदा तर एअर फिल्टरकडे जाणारा रबरी कोपर क्लिपसकट उडाला. ज्यांच्या गाडीत पुढच्या काळातलं, हलणाऱ्या पातीचं एअर-फ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा भाग) असलेलं पेट्रोल इंजेक्शन आहे, त्यांच्यासाठी ही आणखी गंभीर गोष्ट आहे. एका बॅकफायरमध्ये ती पाती वाकते आणि मग गाडी पेट्रोलवरही नीट चालत नाही. अशा गाडीत हवेच्या वाटेवर दाब सोडणारी झडप बसवून घेणं सक्तीचं समजा.

बॅकफायर एवढा मोठा का होतो? पेट्रोलच्या गाडीत मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेच्या) भिंतींवर बराचसा पेट्रोलचा ओलावा असतो. मिक्सरच्या गाडीत कार्ब्युरेटरच्या तोंडापासून व्हॉल्व्हपर्यंत सगळा मॅनिफोल्ड पेटायला तयार अशा कोरड्या मिश्रणाने भरलेला असतो. एक ठिणगी चुकीच्या वेळी आत आली की सगळं एकदम पेटतं.

आधी आवाज कुठून येतो ते ओळखा. सायलेन्सरमधून येत असेल तर एखादा सिलिंडर पेटतच नाहीये आणि न जळलेलं मिश्रण पुढे गरम पाइपमध्ये पेटतंय. कार्ब्युरेटरकडून येत असेल तर बहुधा मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने गॅस कमी), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे आहे किंवा ठिणगी चुकीच्या सिलिंडरमध्ये पडतेय. पातळ मिश्रण हळू जळतं, इतकं हळू की पुढचा इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत ज्योत शिल्लक असते, आणि ती मागे फिरते.

माझ्या गाडीत मूळ कारण प्लगच्या वायरी होत्या. या व्ही-८ इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. ५ आणि ७ क्रमांकाचे सिलिंडर एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत आणि ते एकामागोमाग पेटतात. त्या दोघांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर धावत असतील तर एकीतल्या झटक्याने दुसरीत ठिणगी उठते. ५ पेटताना ७ मध्ये ठिणगी पडते, तेव्हा ७ चा सिलिंडर ठिणगीसाठी तयार नसतो. पेट्रोलवर ही बारीक चूक क्वचित जाणवते. माझ्या दोन्ही वायरी एका प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेल्या होत्या, नीटनेटकं दिसावं म्हणून. पट्टी कापली, दोन्ही वायरी वेगळ्या वाटेने, एकमेकींना आडव्या छेदून जातील अशा नेल्या. निम्मे बॅकफायर त्याच दिवशी थांबले. तुमची गाडी चार सिलिंडरची असेल तरी तुमच्या इंजिनचा फायरिंग ऑर्डर पाहून शेजारी पेटणाऱ्या सिलिंडरच्या वायरी लांब ठेवा.

उरलेले निम्मे ठिणगीच्या ताकदीमुळे. एलपीजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जुनी कॉइल, झिजलेला रोटर, केसाएवढी तडा गेलेली डिस्ट्रिब्युटर कॅप, हे सगळं पेट्रोल सांभाळून घेतं. गॅस नाही घेत. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवा. वायरींवर निळसर चमक दिसली तर त्या आजच बदला. मी वायरी, कॅप, रोटर, प्लग सगळं एकदम नवीन घातलं आणि प्लगचा गॅप ०.८ वरून ०.६५ मिलिमीटर केला. गॅप कमी केल्याने कमी व्होल्टेजमध्येही ठिणगी खात्रीने पडते. पॉइंट्सवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर जाणं हा या सगळ्या रूपांतरातला मला सर्वांत वसूल झालेला खर्च वाटतो.

टायमिंगचंही सांगतो. एलपीजीचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, त्यामुळे त्यावर इंजिन सहसा ठोकत नाही (मिश्रण वेळेआधी पेटून येणारा टकटक आवाज). पण कमी आरपीएमवर त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा हळू पसरते. म्हणून सुरुवातीचं टायमिंग थोडं पुढे हवं. मी ४ अंश पुढे घेतलं आणि मग पेट्रोलवर टाकून चढावर इंजिन ठोकतंय का ते ऐकलं. ठोकत नव्हतं, तेवढ्यावर थांबलो. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीत टायमिंग ही तडजोडच असते. जास्त हाव धरली तर पेट्रोलवर पिस्टन खराब होतील.

मिश्रण जुळवताना प्लगच्या रंगावर जाऊ नका. गॅस इतका स्वच्छ जळतो की प्लग नेहमीच फिके दिसतात. पेट्रोलची नजर लावून मी ते पातळ समजलो आणि मिश्रण घट्ट करत बसलो, नुसता गॅस वाया गेला. एग्झॉस्ट गॅस तपासायच्या यंत्रावर जुळवून घ्या. दोन मिक्सर असतील तर दोन्हींकडे जाणाऱ्या गॅसचे स्क्रू एकमेकांशी जुळलेले असायला हवेत. आधी एअर फिल्टर नवीन घालायचा आणि मगच जुळवणी करायची. फिल्टर धुळीने भरला की मिक्सरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि गॅस जास्त ओढला जातो. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे महिन्याभरात होतं. स्नॉर्कल (इंजिनासाठी उंचावरून हवा ओढणारा पाइप) बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट. रिड्यूसर बाहेरच्या हवेच्या दाबाशी तुलना करून गॅस सोडतो, तर इंजिन स्नॉर्कलमधून ओढून काढलेल्या कमी दाबाच्या हवेवर चालत असतं. रिड्यूसरच्या श्वासाच्या भोकातून एक बारीक नळी एअर फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जोडली की दोघांना एकच दाब दिसतो. माझ्या एका मित्राच्या गाडीला सहा महिने छळणारी पिकअपची तक्रार या वीतभर नळीने गेली.

रिड्यूसर कोणत्या दिशेला तोंड करून बसवलाय तेही पाहा. आतला मोठा डायफ्राम उभा आणि गाडीच्या चालण्याच्या दिशेला समांतर हवा. आडवा बसवला तर प्रत्येक खड्ड्यावर तो वर-खाली हलतो. दिशेला काटकोनात बसवला तर ब्रेक मारताना आणि उचलताना गॅसचं प्रमाण बदलतं. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे चालून जातं. दगडधोंड्यांत आयडलिंग चढ-उतार करत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर मी आधी हेच बघतो.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत सकाळी पेट्रोलवर सुरू करून गॅसवर जाताना जो अडखळ येतो, तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. पेट्रोलचा सोलेनॉइड बंद झाला तरी फ्लोटच्या वाटीत पेट्रोल शिल्लक असतं. त्याच वेळी गॅस उघडला तर दोन्ही इंधनं एकदम जातात आणि इंजिन गुदमरतं. स्विच आधी मधल्या जागेवर ठेवा, वाटी रिकामी होऊन इंजिन पहिल्यांदा लटपटलं की मग गॅसवर टाका. आणि पाणी निदान ४० अंशांपर्यंत गरम होईपर्यंत गॅसला हात लावू नका. थंड रिड्यूसरमध्ये गॅस सोडणं म्हणजे वरचं सगळं बर्फाचं प्रकरण स्वतःहून बोलावणं. आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं पेट्रोलवरही चालवा, नाहीतर कार्ब्युरेटर सुकून जाम होतो.

पिकअप पेट्रोलपेक्षा किंचित कमी राहील, हे मात्र कशानेही जाणार नाही. वायू झालेला प्रोपेन इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची साधारण ४ टक्के जागा स्वतः व्यापतो, तेवढी हवा कमी. लिटरमागे अंतरही कमीच मिळेल, कारण एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलच्या साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा असते. याला बिघाड समजून स्क्रू फिरवत बसू नका.

व्हॉल्व्ह सीटची (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कडा) काळजी ज्या इंजिनांत ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या आहेत त्यांनी घ्यावी. गॅस कोरडा जळतो, सीट झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो. गॅस घातल्यावर पहिल्या वर्षी दर ५,००० किलोमीटरला टॅपेट मोजा. प्रत्येक वेळी त्याच सिलिंडरचा गॅप कमी भरत असेल तर हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवायची वेळ जवळ आलीय. माझ्या इंजिनात सीट वेगळ्या बसवलेल्या आहेत आणि टॅपेट हायड्रॉलिक आहेत. म्हणजे गॅप मोजताच येत नाही, म्हणून मी वर्षातून एकदा सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहितो.

राहता राहिली एक तक्रार, जी मला अजूनही कधीकधी येते. रिड्यूसर गरम, ठिणगी कडक, तरीही तीव्र चढावर गाडी अडखळते आणि सपाटीला आली की सुधारते. टाकी पाहा. टाकी भरताना मल्टिव्हॉल्व्ह ८० टक्क्यांवर गॅस तोडतो, पण रिकामी होताना आतली ओढनळी टाकीच्या तळाशी एकाच जागी टेकलेली असते. गाडी नाक वर करून उभी राहिली की उरलेला द्रव मागे सरकतो, नळीच्या तोंडाशी द्रवाऐवजी वायू येतो, आणि इंजिनला लागेल तेवढा गॅस पोचत नाही. टाकी कशी बसवलीय त्यावर हे चढावर होईल की उतारावर ते ठरतं. टाकी फिरवून बसवायला तिची प्रमाणित जागा आणि कोन बदलावा लागतो, आणि मल्टिव्हॉल्व्ह त्याच कोनासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो उद्योग मी केला नाही. काटा पाव टाकीच्या खाली गेला आणि पुढे खडी चढण असली की मी पायथ्याशीच पेट्रोलवर टाकतो.